घराण्यातून आलेल्या शिरा आणि लेसरचा खर्च

एका वाचक भगिनींचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘माझे वय ३८. तयार कपड्यांच्या दालनात गेली बारा वर्षे विक्रेतीचे काम करते. दिवसाचे नऊ-साडेनऊ तास उभेच असते, बसायला स्टूल नाही. वडिलांनी इचलकरंजीत पस्तीस वर्षे यंत्रमागावर पाळ्या केल्या. आता ते ७२ वर्षांचे आहेत. त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांवरच्या नसा दोरखंडासारख्या फुगल्या आहेत आणि उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूची जखम दोन वर्षांत तीनदा भरून तीनदा फुटली. आत्याच्या पायांचेही तेच. माझ्या डाव्या पायावर दुसऱ्या बाळंतपणानंतर नसा दिसू लागल्या. आता संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो. डॉक्टरांनी लेसर सुचवला आहे. घरचे म्हणतात, रक्तातच आहे ते पुन्हा येणारच, पैसे कशाला घालवायचे? जाऊबाईंना लेसरनंतर तीन वर्षांत पुन्हा नसा आल्या, हेही खरे आहे. जनुकांची तपासणी करून घेतली तर काही कळेल का? आणि माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, वर्गात सगळ्यांत उंच. तिच्यासाठी आतापासून काही करावे का?’

सप्रेम नमस्कार.

‘रक्तातच आहे’ हे तुमच्या घरच्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. त्यावरून ‘म्हणून उपचार नको’ हा निष्कर्ष मात्र निघत नाही. चष्म्याचा नंबरही पुष्कळदा आई-वडिलांकडून येतो, पण त्या कारणाने कोणी चष्मा टाळत नाही. अनुवंशाने तुम्हाला काय दिले आणि काय दिले नाही, हे नीट वेगळे केले तर लेसरचा प्रश्न पुष्कळ सोपा होईल.

आधी एका शब्दाविषयी. तुम्ही ‘नसा’ लिहिले आहे आणि आपण सगळे बोलताना तसेच म्हणतो. पण मराठीत ‘नस’ हा शब्द रक्त वाहणाऱ्या शिरेसाठीही चालतो आणि मेंदूचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूसाठीही. या घोळामुळे पोटरीवर ठसठशीत गाठी घेऊन येणारे कितीतरी रुग्ण वर्षभर ‘नसांच्या ताकदीच्या’ म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन आलेले मला भेटतात. त्या गोळ्यांचा या आजाराशी काहीही संबंध नाही. आपण बोलतो आहोत ते पायाकडून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या, त्वचेखालच्या शिरांबद्दल. त्या फुगतात तेव्हा डॉक्टर त्यांना ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात.

हे रक्त चढावर वाहते. त्याला वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ढकललेले रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत थोड्याथोड्या अंतरावर पातळ पापुद्र्यांच्या झडपा असतात. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या साधारण ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या अख्ख्या स्तंभाचे वजन तेथे पडते. तोच माणूस चालू लागला की पोटरी आकुंचन पावते, झडपा मिटतात आणि निरोगी पायात हा दाब तिशीच्या आसपास किंवा त्याखाली येतो. शिरेची भिंत सैल पडून रुंदावली किंवा झडपा निकामी झाल्या, की चालल्यानेही दाब पुरेसा उतरत नाही. मग शिर लांबते, वळणे घेते, घोट्याशी पाणी धरते, पुढे त्वचा काळपट आणि कडक होते आणि शेवटी एखाद्या लहानशा खरचटण्याचे न भरणाऱ्या जखमेत रूपांतर होते. तुमचा पाय या वाटेच्या सुरुवातीला आहे, वडिलांचा शेवटाला.

आता अनुवंश. फ्रान्समध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात हमखास सांगितला जातो. त्यात रुग्णांना केवळ विचारून न थांबता त्यांच्या आई-वडिलांचे पायही प्रत्यक्ष तपासले होते. आई आणि वडील दोघांनाही हा आजार असेल तर अपत्याला तो होण्याचे प्रमाण ९० टक्के निघाले. दोघांपैकी एकालाच असेल तर मुलींमध्ये ६२ टक्के आणि मुलग्यांमध्ये २५ टक्के. दोघांनाही नसेल तरी २० टक्के. हा अभ्यास १३४ कुटुंबांपुरता होता, म्हणून यातला आकडा उचलून स्वतःच्या कपाळी लावून घेऊ नका. त्यातला कल मात्र माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतो : घरात आजार असला की धोका वाढतो, आणि बाईच्या वाट्याला तो अधिक येतो. शेवटचे २० टक्केही विसरू नयेत, कारण आई-वडिलांचे पाय स्वच्छ असूनही पाचातल्या एकाला शिरा फुगल्याच.

याच्या उलट दिशेने बोलणारा आकडाही आहे. जर्मनीत अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लोकसंख्येत या आजाराबाबत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम १७ टक्के भाग अनुवंशाच्या खात्यावर टाकता येतो, असा त्यांचा हिशेब निघाला. मग ९० खरे की १७? दोन्ही, कारण प्रश्न वेगळे आहेत. पहिला अभ्यास विचारतो की अमुक घरातल्या अपत्याला आजार होईल का. दुसरा विचारतो की माणसामाणसांत जो फरक पडतो तो कशाकशाने पडतो. एकाच घरातली माणसे जनुकांबरोबर कामधंदाही वारशाने घेतात, हे तुमच्या वडिलांकडे पाहून वेगळे सांगायला नको. मागासमोर पस्तीस वर्षे उभे राहिल्याचा किती वाटा आणि आजोबांकडून आलेल्या शिरेच्या भिंतीचा किती, हे त्यांच्या पायाकडे बघून कोणीही सांगू शकणार नाही.

जनुकांच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत बरेच उलगडले आहे. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मध्ये सुमारे पाच लाख लोकांची आरोग्यविषयक आणि जनुकीय माहिती साठवलेली आहे. तिच्या आधारे २०१८ साली झालेल्या संशोधनात या आजाराशी जोडलेल्या जनुकीय जागा पहिल्यांदाच मोठ्या संख्येने, तिसाच्या घरात, सापडल्या; नंतरच्या संशोधनांनी ही यादी आणखी वाढवली. यादीत वरच्या बाजूला ‘पिएझो-१’ नावाचे जनुक आहे. रक्ताचा प्रवाह आणि दाब ओळखणारे पेशीच्या भिंतीतले एक सूक्ष्म द्वार ते बनवते, आणि शिरांच्या झडपा घडण्यासाठी हे द्वार लागते. ही द्वारे शोधणारे आर्डेम पटापुटियन यांना २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्याच २०१८ च्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती तुमच्या मुलीच्या संदर्भात कामाची आहे : उंची हा या आजाराचा स्वतंत्र धोका आहे. उंची वाढवणारी जनुके ज्यांच्याकडे अधिक, त्यांच्यात फुगलेल्या शिराही अधिक. उंच माणसाच्या पायावर रक्ताचा स्तंभही उंच असतो, हे त्याचे एक सरळ कारण असू शकते.

एवढे सगळे माहीत असताना जनुकांची तपासणी करायला काय हरकत, असे तुम्हाला वाटेल. हरकत अशी की या प्रत्येक जागेचा परिणाम अगदी थोडा आहे, डझनावारी जागा एकत्र येऊन धोका किंचित वर किंवा खाली सरकतो. शिवाय ही माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून मिळालेली आहे. तपासणीचे पैसे भरून तुम्हाला जे कळेल ते वडिलांच्या आणि आत्याच्या पोटरीने आधीच सांगितले आहे, तेही फुकट. आणि अहवाल काहीही आला तरी तुमच्या डाव्या पायाचा उपचार त्याने बदलणार नाही. लेसर करायचा की नाही, कोणत्या शिरेवर करायचा, हे डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त कोठे आणि किती वेळ उलटे वाहते यावर ठरते.

याला अपवाद आहेत, ते दुर्मिळ असले तरी सांगितले पाहिजेत. मुलाच्या एका पायावर जन्मापासून गुलाबी-जांभळा डाग असेल, तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब किंवा जाड वाढत असेल आणि लहानपणीच मांडीच्या बाहेरच्या बाजूने शिरा फुगल्या असतील, तर तो क्लिपेल-ट्रेनॉने नावाचा वेगळा विकार असू शकतो. त्यात कधी कधी पायातल्या खोल शिरा नीट घडलेल्याच नसतात आणि वरच्या फुगलेल्या शिरा हाच रक्ताचा परतीचा मुख्य मार्ग असतो. तेथे डोळे झाकून लेसर केला तर पायाचे नुकसान होते. दुसरा अपवाद ओळखायला तर डोळ्यांकडे पाहावे लागते. ‘फॉक्स-सी-२’ या एकाच जनुकातल्या दोषामुळे बहुधा वयात येताना किंवा त्यानंतर पाय सुजतात, शिरांच्या झडपा निकामी असतात आणि पापण्यांना केसांची जादा ओळ असते. आतल्या बाजूची ही ओळ इतकी बारीक असते की रुग्णाला फक्त ‘डोळ्यांत सारखे काहीतरी टोचते’ एवढेच जाणवते. अशा घरात जनुकीय तपासणीला अर्थ आहे. तुमच्या पत्रात यापैकी कोणतीही खूण नाही.

आता घरच्यांचा खरा मुद्दा : पुन्हा येणार असेल तर करायचे कशाला? लेसरमध्ये त्वचेखाली भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत, बिघडलेल्या मुख्य शिरेत एक बारीक तंतू सरकवतात आणि उष्णतेने ती शिर आतून बंद करतात. रेडिओ-लहरींनीही हेच होते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. शिर बंद केल्यावर रक्त जाणार कोठून, हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. पायातले सुमारे नव्वद टक्के रक्त स्नायूंमधल्या खोल शिरांतून जाते. वरची बिघडलेली शिर तर रक्त उलट खाली आणत होती, म्हणजे ती बंद झाल्याने खोल शिरांवरचा भार हलकाच होतो. खोल शिरा मोकळ्या आहेत याची खात्री मात्र आधी करावीच लागते. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ सालच्या मार्गदर्शिकेत उष्णतेने शिर बंद करण्याला पहिली पसंती दिली, ते जमण्यासारखे नसेल तर शिर आतून बंद करणाऱ्या औषधी फेसाचे इंजेक्शन, आणि शिर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया त्यानंतर. घट्ट मोजे हा कायमचा उपचार म्हणून, इतर काही शक्य नसेल तेव्हाच द्यावा, असेही तीत म्हटले आहे. माझे मतही तेच आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते मोजे रोज घालणारा रुग्ण विरळाच. चैत्र लागला की ते कपाटात जातात.

जाऊबाईंना शिरा पुन्हा का आल्या असतील? तीन-चार कारणे संभवतात. बंद केलेली शिर थोडी पुन्हा उघडते. किंवा पहिल्या वेळीच बिघडलेली दुसरी एखादी शिर, विशेषतः गुडघ्यामागची, तपासणीत निसटते. किंवा मांडीच्या वर नव्या बारीक शिरा तयार होतात; हे जुन्या शस्त्रक्रियेनंतर अधिक दिसायचे. आणि चौथे कारण घरच्यांचे : तेव्हा चांगली असलेली शिर पुढे वयाप्रमाणे आणि प्रकृतीप्रमाणे बिघडते. अनुवंशाचा हिस्सा येथे येतो. तुमच्यासारख्या घराण्यातल्या रुग्णाला मी आधीच सांगतो की दहा-पंधरा वर्षांत आणखी एखादी लहान दुरुस्ती लागू शकते, आणि ती बहुधा फेसाच्या इंजेक्शनावर भागते. या मधल्या वर्षांत घोट्यावरचा दाब उतरलेला राहतो, त्वचा वाचते. तुमच्या वडिलांच्या घोट्याकडे पाहा आणि या वर्षांची किंमत काय ते घरच्यांना विचारा.

वडिलांचा प्रश्न तुम्ही पत्रात जाता जाता लिहिला आहे. मला मात्र तो तुमच्या पायापेक्षा तातडीचा वाटतो. शिरांमुळे झालेली जखम केवळ मलम लावून भरते आणि पुन्हा फुटते, कारण वरून पट्टी बदलली तरी आतला दाब तोच राहतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हरा’ चाचणीत ४५० रुग्ण होते. सगळ्यांना दाबाच्या पट्ट्या बांधल्या, पण एका गटाच्या शिरा लगेच बंद केल्या आणि दुसऱ्याच्या जखम भरल्यानंतर किंवा सहा महिन्यांनी. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, दुसऱ्या गटाला तेवढ्यासाठी ८२ दिवस लागले. आधीच्या ‘एस्कार’ चाचणीत केवळ पट्ट्या बांधलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांच्या जखमा चार वर्षांत पुन्हा फुटल्या. पट्ट्यांबरोबर शिरांची शस्त्रक्रियाही केलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के राहिले. यातल्या पुष्कळ रुग्णांच्या घराण्यांतही हा आजार असणार, तरी फरक पडला. वय ७२ असणे ही अडचण नाही, कारण हा उपचार जागेपुरत्या भुलेवर होतो. एक खबरदारी मात्र अवश्य घ्या : वडील विडी ओढत असतील किंवा त्यांना मधुमेह असेल, तर घट्ट पट्टी बांधण्यापूर्वी पायाच्या धमन्यांचे रक्त पुरेसे पोचते ना, हे घोट्याचा रक्तदाब मोजून पाहिले पाहिजे. धमनी अरुंद असताना दाबाची पट्टी बांधली तर जखम आणखी चिघळते. फुगलेली शिर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली, तर घाबरून उभे राहू नये. आडवे होऊन पाय वर करावा आणि स्वच्छ कापडाने जागेवर दाब धरावा. रक्त पुष्कळदा काही मिनिटांत थांबते, तरी नंतर डॉक्टरांना दाखवावेच.

तुमच्या कामाविषयी. जनुके बदलता येत नाहीत, स्टूल मागता येते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायला सोय देणे कायद्याने बंधनकारक केले; केरळमध्ये तर ही मागणी मुख्यतः कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी लावून धरली होती. तुमच्या मालकांकडे हा विषय काढताना हे उदाहरण उपयोगी पडावे. तोपर्यंत गिऱ्हाईक नसेल तेव्हा टाचा वीस-पंचवीस वेळा उचला-टेकवा, काउंटरच्या मागे दोन फेऱ्या मारा. चालण्याने पाय बिघडत नाही, खिळून उभे राहण्याने बिघडतो. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटे पाय खुर्चीवर ठेवता आले तर संध्याकाळचा जडपणा कमी झालेला जाणवेल. यापुढे आणखी मूल हवे असेल तर लेसर बाळंतपणानंतर करावा, कारण गरोदरपणात शिरा फुगतात आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत त्यातल्या काही आपोआप उतरतात.

मुलीसाठी आज काहीही करायचे नाही. मोजे नकोत, तपासणी नको, आणि ‘आपल्या घराण्यात पाय असेच’ हे वाक्य तर तिच्या कानावर घालूच नका. खेळत असेल तर खेळू द्या, पोटरीचा पंप त्यानेच मजबूत होतो. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा फुगतात अशी समजूत आहे, तिला भक्कम आधार नाही, तेव्हा त्यावरून टोकू नका. पुढे ती नोकरीला लागेल किंवा गरोदर राहील, तेव्हा डॉक्टरांना घरातला इतिहास सांगण्याची सवय तिला असावी, एवढे पुरे. त्या इतिहासात एक गोष्ट वेगळी नोंदवा : घरात कोणाला तरुण वयात पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का? फुगलेल्या शिरा आणि गुठळ्यांची प्रवृत्ती हे दोन निरनिराळे वारसे आहेत. दुसरा असेल तर गर्भनिरोधक गोळ्या आणि शस्त्रक्रिया या दोन्हींच्या आधी डॉक्टरांना तो कळायलाच हवा. कोणाचाही एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली तर ते शिरांचे जुने दुखणे समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

राहता राहिला खर्च. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून पाहा. फुगलेल्या शिरांच्या उपचाराला अनेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षा काळ असतो, बहुधा दोन वर्षांचा, तो संपला आहे का हे आधी कळले म्हणजे तारीख ठरवता येते. तुमचा पाय काही महिने थांबू शकतो, वडिलांची जखम नाही. म्हणून डॉपलरसाठी आधी त्यांना घेऊन जा आणि त्याच फेरीत तुमचाही करून घ्या. मात्र तो उभ्याने करायला सांगा. झोपलेल्या माणसाच्या पायात गुरुत्वाकर्षणाचा जोर पडत नाही, त्यामुळे उलटा प्रवाह पुष्कळदा दिसतच नाही. उभे असताना पोटरी दाबून सोडल्यावर वरच्या शिरेतले रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ खाली वाहिले तर झडप निकामी धरतात. तुमच्या अहवालात ही वेळ आणि शिरेचे नाव दोन्ही लिहिलेले नसेल, तर लेसरची तारीख घेण्यापूर्वी तपासणी पुन्हा करून घ्यावी.